सिस्टर कमलाबाईंच्या अर्जातून मी गाळलेले वाक्य

अर्जदार : गंगाधर मारोती येलमवार, वय चोपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक मंडल (म्हणजे तालुका) कचेरीसमोरील कडुनिंबाखाली.

गैरअर्जदार क्रमांक एक : श्री. माधवराव चिंतलवार, आमच्या मतदारसंघातील आमदारकीचे उमेदवार, तसेच त्यांच्या ट्रस्टच्या दवाखान्याचे अध्यक्ष.

गैरअर्जदार क्रमांक दोन : वरील अर्जदार स्वतः.

घटनेचा काळ : यंदाच्या पोळ्याच्या करीपासून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून, महालक्ष्म्या (गौरी) उठेपर्यंतचे नऊ दिवस.

साक्षीदार : एक, कमलाबाई, सदर दवाखान्यातील सिस्टर. दोन, सुनंदाबाई, भाजीपाला पिकवून बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात विकणाऱ्या. तीन, पार्वताबाई, सुनंदाबाईंच्या सासू. सुनंदाबाईंनी नाव लिहिण्यास संमती दिलेली आहे. गावाचे नाव लिहू नये असे त्यांनी सांगितले, ते लिहिलेले नाही.

संपादक महाशयांनी मजकडून अर्जनवीसाच्या धंद्यातील गमतीदार अनुभव मागवले होते. ते माझ्यापाशी पुष्कळ आहेत आणि त्यांतील एक-दोन मी पुढे देणारही आहे. तथापि यंदा जे घडले ते बाजूस ठेवून नुसत्या गमती लिहिणे माझ्याने होणार नाही, हे सुरुवातीसच नमूद करतो.

अर्जनवीस म्हणजे काय, हे शहरातील वाचकांस सांगावे लागेल. ज्याला सरकारास, दवाखान्यास वा सोसायटीस काही सांगायचे आहे पण लिहिता येत नाही, किंवा लिहिता येते पण सांगता येत नाही, त्याला लिहून देणारा माणूस. निजामाच्या काळापासून हा धंदा कचेरीच्या दारात बसत आलेला आहे. म्हणून आजही आम्ही अर्जास दरखास्त म्हणतो आणि फायलीस मिसल म्हणतो, व कचेरीतील तेलुगू साहेबांनाही ते बरोबर समजते. माझी शाळा नववीत सुटली. परंतु मराठी, तेलुगू आणि कामापुरती उर्दू, अशा तिन्हींत मसुदा करणारा या मंडलात मी एकटा आहे, आणि माझा कागद पाहून हा कोणत्या वकिलाचा, असे एका तहसीलदारांनी विचारल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे.

कॉम्प्युटर सेंटरे निघाली तेव्हा येलमवारचे टेबल आता उठणार, असे लोक म्हणाले. ते उठले नाही. कॉम्प्युटर 'मग पुढे काय झाले' असे विचारत नाही, मी विचारतो. माणूस घडाघडा बोलतो, त्यातील नऊ आणे रागाचे असते, सहा आणे शेजाऱ्याचे असते, आणि उरलेल्या एका आण्यात त्याची खरी मागणी असते. ती शोधणे हेच या धंद्यातील कसब. भैंसा गावच्या जिनिंगमधील एक हमाल दर अर्ध्या घटकेस नवी तक्रार सांगत माझ्यापुढे बसला होता. कापसाची धूळ, सुटी, पाण्याचा माठ, सारे झाले. मी लेखणी खाली ठेवून विचारले, यातले एकच मिळणार असेल तर काय मागशील? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मुकादम मले 'ए लंगड्या' म्हनते. माहं नाव किसन हाय." तीन पाने फाडून मी चार ओळींचा अर्ज केला. पुढे मुकादमाने त्याला किसन म्हणणे काही सुरू केले नाही, पण हाक मारणेच सोडले, आणि किसन त्यावरही खूश होता.

माझे उस्ताद हमीदसाहेब मुन्शी. त्यांनी मला दोन नियम दिले. पहिला असा की अर्जात अट घालू नये. मागणाऱ्याने मागावे, अटी देणारा घालीलच. आपणच अट लिहिली की समोरचा मागणी विसरतो व अट धरून बसतो. दुसरा असा की ज्या हाताने दरखास्त लिहिली, त्याच हाताने तिचा जवाब लिहू नये. हा नियम मी किती कडक पाळला त्याचा दाखला देतो. आमच्या गल्लीतील एका गृहस्थाने माहेरी गेलेल्या पत्नीस माफीचे पत्र माझ्याकडून सरकारी थाटात लिहवून घेतले. 'सदर इसमाकडून झालेली आगळीक' वगैरे. आठव्या दिवशी ती बाई तेच पत्र घेऊन जवाब लिहवण्यास हजर. मी नियम सांगितला. ती म्हणाली, "काऊन? माहं भांडन नवऱ्याशी हाय का तुमच्याशी?" तरी मी लिहिले नाही. तिने मास्तरांकडून लिहवले, ते इतके गुळमुळीत झाले की होकार आहे का नकार हे विचारायला नवरा पुन्हा माझ्याकडेच आला. मंडलात या गोष्टीचे हसे झाले, पण येलमवार दोन्हीकडून लिहीत नाही, हा लौकिकही झाला. तो लौकिक मला फार प्रिय होता.

आता मूळ मिसलीकडे वळतो.

सिस्टर कमलाबाई या बेल्लमपल्लीच्या एका खाणकामगाराच्या कन्या. माधवरावांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या प्रसूतीच्या विभागात आहेत. गळ्यात तुळशीची माळ, बोलणे मोजके. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या टेबलासमोर बसल्या व म्हणाल्या की गर्भपाताच्या खोलीतली त्यांची पाळी बंद व्हावी. त्यांचे शब्द असे : "मी रक्ताले भीत नाही, मुनशीजी. पन त्या खोलीत माहे हात थरथरते. माळ घातली तवा मी बापाले सबुद देल्ला होता. मले कुठंबी टाका, मोरी धुवाले लावा, पन थ्या खोलीतून सोडवा." मी लिहीत असताना त्यांनी एक गोष्ट जोडली. "आन हेबी लिहा, माह्या जागी दुसरी सिस्टर असंल तवाच मले सोडा. बाईले तसंच ठिवून मी नाही जानार."

हे शेवटचे वाक्य मी गाळले. ती अट होती, आणि अट लिहू नये असे मला शिकवलेले होते. कमलाबाईंनी विश्वासाने सही केली. अर्ज मंजूर झाला. प्रत्यक्षात दुसरी सिस्टर होतीच, म्हणून त्या वेळी कोणाचेच काही बिघडले नाही, आणि मी मात्र तो अर्ज माझ्या उत्तम अर्जांत धरू लागलो.

तोच अर्ज दवाखान्याच्या मिसलीत अध्यक्षांच्या वाचनात आला. श्री. माधवराव हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सत्संगात नेमाने जाणारे, कोणास वाईट न बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी माझा आदर आजही आहे आणि या लेखाने तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. उमेदवारी ठरल्यावर त्यांनी मला बंगल्यावर बोलावले, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "येलमवार, गर्भपाताचा कायदा आहे तो असो, मी त्याच्या आड येत नाही. पण ज्याचा देव त्याला नको म्हणतो, त्याच्या हातात सरकारनं कात्री का द्यावी? त्याला योग्य ती सूट असली पाहिजे. हे मी वचनपत्रात घालणार आणि निवडून आलो तर विधानसभेत मांडणार. तुम्ही कमलाबाईंचं लिहिलंत तसं लिहा."

मी दोन दिवस घेतले आणि पुढील मजकूर दिला : 'ज्या वैद्याचा, परिचारिकेचा अथवा सेवकाचा धर्म गर्भपाताच्या कामास मना करतो, त्यास त्या कामातून तत्काळ व बिनशर्त सूट मिळेल.' यातील 'सेवकाचा' हा शब्द मी केवळ वाक्यास वजन यावे म्हणून घातला. 'बिनशर्त' हा शब्दही माझा. माधवरावांनी वाक्य दोनदा मोठ्याने वाचले व माझ्या पाठीवर हात ठेवला. वचनपत्र छापले गेले, आणि कायद्याची वाट न पाहता ट्रस्टने आपल्या दवाखान्यापुरता तो नियमच केला. मराठी व तेलुगूत चौकट करून बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर टांगला. मी तो मुद्दाम पाहून आलो. काचेत माझे वाक्य होते.

सुनंदाबाईंना दोन लेकरे आहेत. त्यांच्या हृदयाच्या एका झडपेत दोष आहे. दुसऱ्या बाळंतपणात त्या जेमतेम वाचल्या, आणि तिसरी वेळ येऊ देऊ नका असे डॉक्टरांनी वहीत लिहून दिले. भूल सोसणार नाही म्हणून ऑपरेशन झाले नव्हते. तांबी बसवली होती, ती फसली. पाळी आधीपासूनच मागेपुढे, त्यामुळे दिवस गेल्याचे उशिरा कळले. चौथा महिना सरत आलेला होता. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, पुढे मामला कठीण होत जातो, हे मला नंतर कळले. झडपेस मात्र आठवडे मोजता येत नाहीत. पोट वाढेल तसा दम वाढत होता. नवरा राजी, सासू राजी, कायदा राजी.

करीच्या दिवशी सासूसुना ट्रस्टच्या दवाखान्यात गेल्या, कारण भागात अशा कामाची परवानगी असलेला तोच एक जवळचा. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि चौकटीकडे बोट करून सांगितले की हे माझ्या धर्मात बसत नाही. कुठे जावे, हे सांगितले नाही. सुनंदाबाईंनी निदान तपासल्याचा कागद तरी द्या म्हटले, तर केसपेपर करणारा कारकून म्हणाला की मीही सेवक आहे, असला कागद करणे मलाही मना आहे. त्याला तसे म्हणण्याचा हक्क मी दिलेला होता. दुसरे डॉक्टर गणपतीच्या दिवशी येणार होते म्हणून त्या पुन्हा गेल्या. निवडणुकीच्या दिवसांत भानगड नको म्हणून त्या डॉक्टरांनी येणेच थांबवले होते.

पंचमीला त्या दोघी माझ्या टेबलाशी आल्या. कागदाशिवाय मोठ्या दवाखान्यात उभे करणार नाहीत अशी त्यांची समजूत. दवाखान्याने परत पाठवले एवढे तरी लिहून द्या आणि अध्यक्षसाहेबांस अर्ज करा, एवढीच विनंती. मी सारे ऐकून घेतले. वही पाहिली. सुनंदाबाई खुर्चीच्या दांडीला धरून श्वास घेत होत्या, हेही पाहिले. आणि मी त्यांस सांगितले की तो नियम माझ्या हातचा आहे, त्याविरुद्ध मला लिहिता येत नाही, भैंशाला एक अर्जनवीस बसतात त्यांच्याकडे जा. हे मी सौम्य शब्दांत सांगितले. त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवलेही. त्या वेळी मला आपण फार नेकीने वागलो असे वाटले होते, हे लिहिल्यावाचून हा अर्ज पुरा होणार नाही.

भैंशाचे गृहस्थ फक्त जमिनीचे कागद करतात. त्यांनी हात जोडले. बसच्या धक्क्यांनी सुनंदाबाईंना रस्त्यातच धाप लागली.

सप्तमीला पार्वताबाई एकट्या आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत. कचेरीतली चार माणसे आसपास होती. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "डॉक्टरीन म्हनते, माह्या धर्मात बसत नाही. थो कारकून म्हनते, माह्याबी नाही. तुमी म्हंता, तुमच्या धंद्यात बसत नाही. मंग मुनशीजी, माही सून कोनाच्या धर्मात बसते, थे तरी कागदावर लिहून द्या. मी त्याच्या दारी नेऊन ठिवतो तिले."

माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात याहून नेमकी मागणी कोणी केलेली नाही. मी लेखणी घेतली, आणि उस्तादांची क्षमा मागून माझ्याच वाक्याविरुद्ध दरखास्त लिहिली. तिच्या तीन नकला केल्या. परंतु कागद किती दिवसांत चालतो हे माझ्याएवढे कोणाला ठाऊक? म्हणून टेबलावर फडके टाकून मी पार्वताबाईंसह थेट कमलाबाईंच्या घरी गेलो.

त्या महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्याच्या करंज्या तळत होत्या. त्यांनी कढई उतरवून सारे ऐकले. त्यांस चौकटीतला मजकूर ठाऊक होता, मात्र तो त्यांच्या अर्जातून निघाला हे नव्हते. त्यांनी मला विचारले, "दुसरी सिस्टर असंल तवाच, असं मी म्हनलं होतं. थे कुठं ठिवलं तुमी?" मी म्हणालो की गाळले. त्या म्हणाल्या, "माह्या नावावर?" याउपर त्या माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, घरात लक्ष्म्या बसलेल्या असताना, कमलाबाई नैवेद्य जावेवर सोपवून निघाल्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या ओळखीच्या डॉक्टर होत्या. गाडी त्यांनीच ठरवली, वही त्यांनीच पुढे केली, कागद लागत नाही हेही त्यांनीच सांगितले. मी सोबत होतो. खोलीच्या दाराशी सुनंदाबाईंनी त्यांचा हात धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आत नाही येत, पोरी. पन इथून हालतबी नाही." सुनंदाबाईंची पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकावर माळ ओढत बसल्या. नाही म्हणूनही माणसाला दारापर्यंत पोहोचवता येते, हे मी त्या बाकावर पाहिले. माझ्या मजकुरात त्याची सोय नव्हती.

सुनंदाबाई वाचल्या. परंतु छातीत पाणी भरलेले होते, म्हणून बरेच दिवस राहावे लागले. आठ दिवस आधी आणले असते तर एवढे झाले नसते, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. त्या आठांतील तीन दिवस तरी माझ्या लौकिकाचे आहेत.

मग मी माधवरावांच्या बंगल्यावर गेलो. सोबत सुधारलेला मजकूर नेला. त्यात कमलाबाईंस विचारून, त्यांच्या तोंडून वदवून, दोन वाक्ये वाढवली होती : 'सूट घेणाऱ्याने त्याच घटकेस दुसऱ्या करणाऱ्याचे नाव व ठिकाण लेखी द्यावे. जेथे दुसरा कोणी नाही आणि जिवास धोका आहे, तेथे ही सूट नाही.' दुसऱ्या वाक्याविषयी मला शंका होती की कमलाबाई मान्य करतील की नाही. त्या म्हणाल्या होत्या, "जीव जाऊन राह्यला तं मी माळ खुंटीले टांगीन. देवाले मी सांगीन काय सांगाचं थे."

माधवरावांनी सारी हकिकत ऐकून घेतली. त्यांना वाईट वाटले, हे मी शपथेवर सांगेन. दवाखान्याचा खर्च देऊ का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, वाक्य द्या.

"मी कोणाला परत पाठवा म्हणालो होतो का, येलमवार?"

"नाही."

"मग माझी भूमिका चूक कशी?"

"परत पाठवू नका, असंही म्हणाला नाहीत. आणि मी लिहिलं नाही."

ते थोडे हसले. "आता हे छापलं तर सत्संगातली मंडळी म्हणतील माधवरावांनी माघार घेतली. निवडणूक होऊ द्या, मग पाहू. आणि बिनशर्त हा शब्द तर तुमचा. मी योग्य ती सूट म्हणालो होतो."

ते खरे होते. मी कबूल केले. म्हणूनच दुरुस्ती मी आणली आहे, असेही म्हटले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ही गोष्ट पितृपक्षातली. दसरा झाला, चौकट दारावर तशीच आहे.

तेव्हापासून दर मंगळवारी, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या दिवशी, माझे टेबल कडुनिंबाखाली नसते. ते ट्रस्टच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर असते. आतून कोणी परत पाठवले तर कुठे जावे, कोणाला भेटावे, हे मी तिथल्या तिथे लिहून देतो. पत्ते कमलाबाई सांगतात. त्या आता माझ्याशी बोलतात, कामापुरते. दरवानाने एकदा उठवले. मी रस्ता कोणाचा आहे याचा कागद दाखवला. ट्रस्टच्या एका विश्वस्तांनी टोमणा मारला की मुन्शी, दोन्हीकडून लिहायला लागलास. मी हो म्हणालो.

सबब, श्री. माधवराव चिंतलवार यांस या अंकाद्वारे जाहीर विनंती की, ज्याचा धर्म मना करतो त्यास सूट द्यावी याबद्दल अर्जदाराची हरकत नाही. कमलाबाईंस ती मिळाली हे योग्यच झाले. प्रश्न एवढाच आहे की सूट घेणारा दारातून बाजूस झाल्यावर दारात उभ्या बाईस कोण आत घेणार. आपण आमदार होऊ इच्छिता, तर त्या जागी कोणाचे नाव लिहिणार हे मतदानाआधी सांगावे. वरील दोन वाक्ये वचनपत्रात आणि चौकटीत घालणार किंवा नाही, याचे उत्तर होय अथवा नाही एवढ्या शब्दांत द्यावे. 'पाहू' हे उत्तर धरले जाणार नाही.

उत्तर मराठीत, तेलुगूत, लेखी किंवा तोंडी, कसेही चालेल. मात्र ते अर्जदारास देऊ नये. सुनंदाबाईंचे घर आपणांस ठाऊक आहे. जाण्यापूर्वी निरोप धाडण्याची गरज नाही. टोपली उचलवत नसल्याने त्या हल्ली बाजारात बसत नाहीत, कोणत्याही वेळी घरीच सापडतील.